बुडखा खाली, शेंडा वर

डोमाजी मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आरंभीच सांगून टाकतो. या गौरवग्रंथातल्या इतर लेखकांनी ती शुभयोगाने वगैरे झाल्याचे लिहिले असेल, तर त्यांचे योग चांगले असतील. मी तेव्हा नुकताच भंडाऱ्याहून येऊन गोंदियाच्या एका लाकडाच्या टालावर मुनशी म्हणून लागलो होतो. अक्षर वळणदार, डोक्याला फेटा नवा, आणि लाकडातले ज्ञान म्हणाल तर सरपण ओले की सुके एवढेच. अशा वेळी एक उंच, रुंद खांद्यांचे, कपाळाला कायमची आठी असलेले गृहस्थ टालात शिरले आणि म्हणाले, "मयाल दाखवा."

मयाल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. पण विचारले तर अडाणी ठरू, म्हणून मी मान डोलावली आणि समोर दिसले ते एक लांबसडक लाकूड दाखवले. मिस्त्रीजींनी ते पाहिले, मग मला पाहिले.

"मुनशीजी, हे मयाल होय का? हा त फाटा आहे. तुमच्या घरावर छप्पर आहे, का आभाळच पांघरून राहिले?"

टालावरचे हमाल हसले. मला राग आला. मी म्हणालो, "लाकूड ते लाकूड. वर चढवल्यावर त्याला काहीही म्हणा." त्यावर मिस्त्रीजी एका ओंडक्यावर बसले, मलाही बसवले, आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत त्यांनी मला घर समजावून सांगितले. छपराच्या सर्वांत उंच रेघेवर आडवे जाते ते मयाल. देशावरची माणसे त्यालाच आढे म्हणतात. त्याच्यापासून दोन्ही बाजूंना उतरतात ते फाटे, ज्यांच्यावर कवेलू, म्हणजे कौले, बसतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत ओझे वाहते ती तुळई. आणि या सगळ्यांच्या मधोमध, मयालाला खालून उचलून धरणारा जो मुख्य खांब, ती मेढ. "नाव ठाऊक नाई त्या लाकडाखाली माणसानं उभं राहू नये," असे सांगून ते उठले, आणि मयाल न घेताच निघून गेले. आमच्याकडचे एकही त्यांना पसंत पडले नव्हते.

पुढे मी त्यांच्याबरोबर अनेक वर्षे काम केले. त्यांनी लाकूड मागायचे, मी आणायचे, त्यांनी त्यातले अर्धे परत पाठवायचे आणि मी टालाच्या शेठजींच्या शिव्या खायच्या, असा आमचा स्नेह. त्या स्नेहाच्या हक्काने त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हे चार शब्द लिहीत आहे.

मिस्त्रीजींना नम्र म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. ते नम्र नव्हते, नाहीत, आणि आता होण्याचा संभव दिसत नाही. आपल्याइतका खांब सरळ उभा करणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडे नाही, असे ते स्वतःच सांगत, आणि ते खरे असल्यामुळे ऐकणाऱ्याचा फार जळफळाट होई. कामावर त्यांचा दरारा असा की मयाल चढवताना फक्त त्यांनीच बोलायचे. दोर ओढणारे, वर बसलेले, खालून काठ्या लावणारे, सगळ्यांनी मुकाट राहायचे. एकदा एका सधन मालकांनी खालून "सांभाळून, सांभाळून" असे म्हटले, तर मिस्त्रीजींनी मयाल अर्ध्यावर थांबवले आणि मालकांना गोठ्याकडे जाऊन उभे राहायला सांगितले. मालक गेले. मयाल नीट बसल्यावर मिस्त्रीजींनी त्यांना स्वतः बोलावून आणले आणि पहिला नारळ त्यांच्याच हातून फोडवला.

त्यांच्या कामावर माणसे नाना मुलखांची असत. सालेकशाकडून, कचारगडाच्या रानातून आलेले गोंड गडी, छत्तीसगडचे आरा ओढणारे जोडीदार, आमच्या झाडीपट्टीतले पोवार आणि कुणबी, शिवाय गोंदियाचे हिंदी बोलणारे हमाल. एकाच लाकडाला प्रत्येकाच्या बोलीत वेगळे नाव. मिस्त्रीजींनी यावर तोडगा काढला तो असा, की प्रत्येक काम सुरू करण्याआधी सगळ्यांना एका ओळीत उभे करून एकेका लाकडावर हात ठेवायचा, आणि या कामापुरते त्याचे नाव काय, ते सर्वांनी मिळून ठरवायचे. कुठे आमचे मयाल राहायचे, कुठे हिंदी बल्ली, आणि मधल्या आडव्या लाकडाला गोंडी नाव, जे मला अजून नीट उच्चारता येत नाही. कोणाचीही बोली पूर्ण बाहेर ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हटले, "मिस्त्रीजी, सरळ मराठी नावे लावा की, वेळ वाचेल." ते म्हणाले, "ज्याचं एक तरी नाव ठेवलं, तो गडी ते लाकूड पडू देत नाई. तुमी वेळ वाचवा, मी माणसं वाचवतो."

टेकू आणि धिरा या दोन शब्दांत मात्र ते कोणाचेच ऐकत नसत. काम चालू असताना तात्पुरता लावतात तो टेकू, आणि कायमचा राहतो तो धिरा. पुष्कळ लोक दोन्ही सारखेच मानतात. मिस्त्रीजींपुढे कोणी तसे बोलले की त्याला त्या दिवशी जेवणाआधी कवेलू मोजायला बसवत. मीही बसलो आहे.

रागीट माणसाच्या पोटात माया असते असे लिहायची पद्धत आहे. मिस्त्रीजींच्या बाबतीत ती पोटात नव्हती, उघड कामावर दिसायची. फक्त आरडाओरडीमुळे कोणाच्या लक्षात येत नसे. आरा ओढणाऱ्या फागूच्या पायावर ओंडका घरंगळला आणि पाऊल कामातून गेले. उभे राहून आरा ओढणे संपले. मिस्त्रीजी त्याच्या झोपडीपुढे जाऊन त्याच्यावरच ओरडले, ओंडक्याच्या वाटेत उभा कायले राहिला म्हणून. मग त्याच्या उंचीचे एक बैठे बाकडे करून दिले, आणि आसपासच्या सगळ्या कामांवरच्या करवतींना धार लावायचे काम त्याच्याकडे लावून दिले. फागू आता आपल्या सर्वांहून जास्त मिजाशीत बसतो. त्याच्याकडून करवत वेळेवर परत मिळवून दाखवा, मी त्याचा सत्कार करीन.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. या ग्रंथाचे वाचक मिस्त्रीजींना शाळांचे मिस्त्री म्हणून ओळखतात. तिरोड्यापासून आमगावापर्यंत किती शाळांचे छप्पर त्यांच्या हातचे आहे, हे इतर लेखांत येईलच. पण तरुण वाचक मला नेहमी विचारतात, की एवढ्या मोठ्या मिस्त्रींनी घरे का बांधली नाहीत? गोदामे बांधली, शाळा बांधल्या, रेल्वेच्या नोकरांच्या चाळी बांधल्या, पण गावात कोणाचे राहते घर त्यांनी बांधलेले का दिसत नाही? याला कारण आहे. ते आजवर चुकीचे सांगितले गेले आणि मिस्त्रीजींनीच तसे सांगितले.

त्यासाठी आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. झाड रानात जसे उभे होते तसाच त्याचा खांब घरात उभा राहिला पाहिजे. मुळाकडची बाजू तो बुडखा, तो खाली. टोकाकडचा शेंडा, तो वर. उलटा उभा केलेला खांब घराला लाभत नाही, त्या घरात माणूस टिकत नाही, दाणा टिकत नाही, अशी पक्की समजूत. ओंडका असताना बुडखा कोणालाही ओळखू येतो. पण तासून चौकोनी केला, रंधा मारला, की भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून मिस्त्रीजी ओंडका हाती घेतला की सर्वांत आधी बुडख्याच्या कापावर पटाशीने एक लहान खाच मारत. खांब उभा झाला की ती खाच दगडाच्या बैठकीवर टेकून झाकली जाई. कामावरच्या माणसांखेरीज ही खाच कोणाला ठाऊक नव्हती. माझ्या हातून खांब उलटा होणे नाही, असे ते छातीवर हात मारून सांगत ते या खाचेच्या बळावर.

जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. चोरखमाऱ्याच्या बाजूला एका गावी गणपतजी पटेलांचे नवे घर मिस्त्रीजींनी बांधले. लाकूड आमच्या टालाचे; मेढ बिजाच्या लाकडाची, अशी देखणी की शेठजींना ती विकताना वाईट वाटले होते. खांब उभा करायच्या दिवशी मी स्वतः तिथे होतो आणि खाच खाली जाताना या डोळ्यांनी पाहिली होती. त्याच हंगामात पटेलांच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले आणि जानकीबाई सून म्हणून त्या घरात आल्या. वय जेमतेम सोळा. म्हणजे घरात दोन गोष्टी एकदमच नव्या आल्या, घर आणि सून.

वर्ष काही बरे गेले नाही. जोडीतला चांगला बैल मेला. कातिकात धानाच्या बांधीत पटेलांच्या थोरल्या मुलाला साप चावला आणि तो गेला. त्यानंतर जानकीबाईंचे पहिले मूल जन्मतःच गेले. घरातली बाई दुःखाने वेडी झाली की तिला कोणावर तरी दोष ठेवायला हवा असतो. सासूबाईंनी तो सुनेवर ठेवला. पांढऱ्या पायाची पोरगी घरात आली आणि घर बुडाले, असे त्या पाणवठ्यावर सांगू लागल्या आणि गाव मान डोलावू लागले. शेवटी ठरले की सुनेला माहेरी धाडायचे आणि मुलाला दुसरी बायको करायची. एकदा असे धाडलेल्या मुलीला पुढे कोण विचारतो? माहेरीही तिला कोणी शुभकार्यात पुढे येऊ देणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

तिला न्यायला भाऊ आला त्या सकाळी मी आणि मिस्त्रीजी योगायोगाने तिथेच होतो. धानाच्या कोठीला दार बसवायचे काम निघाले होते, आणि मी बैलबंडीतून फळ्या घेऊन गेलो होतो. जानकीबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून गाठोडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. भाऊ अंगणात मान खाली घालून उभा. सासूबाई सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पायगुणाविषयी बोलत होत्या.  गणपतजी पटेलांना हे मनातून पटत नसावे, पण थोरला मुलगा गेलेल्या बापाच्या अंगात वाद घालायचे बळ उरले नव्हते.

मिस्त्रीजी दाराला बिजागरी लावत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली. सरळ घरात जाऊन मेढीभोवती एक फेरी मारली, वरून खाली हात फिरवला, आणि बाहेर येऊन म्हणाले, "पटेलजी, पोरीले धाडाच्या आंधी माह्यं एक आयका. हा खांब उलटा आहे."

कोणाला काही कळेना. मला तर वाटले की उन्हाने यांचे डोके फिरले.

"काय म्हणता, डोमाजी?"

"शेंडा खाली गेला, बुडखा वर. म्या केला. तुमच्या घरावर जे आलं ते त्या खांबानं आलं. ह्या पोरीले कायले बोलून राहिले? चूक माही आहे."

पटेल उठून उभे राहिले. "तुमी त जलमात उलटा खांब उभा नाई केला म्हणता."

"जलमात एकदा केला. तो इथं."

सासूबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवले. "मंग वरीसभर कायले नाई सांगतलं?"

 आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना शब्द शोधताना पाहिले.

"लाज वाटली," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून निघताना ज्यांनी ऐकला, त्यांना पुढचे सगळे खरेच वाटले. डोमाजी मिस्त्री लाज वाटली म्हणतात, म्हणजे खांब उलटाच असला पाहिजे. तरीही पटेल शहाणे होते. त्यांनी गावातल्या बुधाजी बढईंना बोलावणे धाडले. बुधाजी त्या काळी फार म्हातारे झाले होते, दिसायला कमी लागले होते. पण मिस्त्रीजी वाकस धरायला त्यांच्याच हाताखाली शिकले होते. आपल्या चेल्याचा त्यांना केवढा अभिमान होता हे सगळ्या गावाला माहीत होते. त्यांनी सांगावे आणि गावाने मानावे, असे ठरले.

मिस्त्रीजींनी मयालाखाली दोन्ही बाजूंना जाड टेकू लावले, ते ठोकून घट्ट केले, आणि मेढ सोडवली. आम्ही दोघांनी आणि पटेलांच्या दोन गड्यांनी ती अंगणात आडवी ठेवली. खालच्या टोकाला माती लागली होती. बुधाजींनी उकिडवे बसून अंगठ्याने माती पुसली. खाच तिथेच होती. खाली, जिथे असायला हवी तिथेच. ती मी पाहिली, बुधाजींनी चाचपली, आणि मिस्त्रीजी दुसरीकडे पाहत उभे राहिले. खाच म्हणजे काय हे त्या अंगणात आम्हा तिघांखेरीज कोणालाही कळत नव्हते.

बुधाजींनी मान वर केली. आधी चेल्याकडे पाहिले, मग गोठ्याच्या भिंतीकडे, जिथे ती मुलगी गाठोडे घेऊन बसली होती. त्यांना किती दिसले असेल कोण जाणे.

"उलटाच आहे," बुधाजी म्हणाले. "माह्याच हाताखाली शिकला. माहीच लाज."

सासूबाई सपरीतून उठल्या. त्या खांबापाशी आल्या, त्याला एक लाथ मारली, आणि तिथेच खाली बसून थोरल्या मुलाचे नाव घेऊन मोठ्याने रडू लागल्या. वर्षभर त्या अशा रडल्या नव्हत्या, असे मागाहून शेजारी सांगत. बऱ्याच वेळाने त्यांनी सुनेला हाक मारून पाणी मागितले. जानकीबाईंनी गाठोडे खाली ठेवले आणि पाणी आणून दिले. भाऊ जेवून एकटाच परत गेला.

त्या दुपारी बंडीत माझ्या शेजारी बसल्यावर मी मिस्त्रीजींना म्हणालो, "हे काय केलेत? तुमच्या हातात एवढी एकच गोष्ट होती, तुमचे नाव. ते तुम्ही घालवलेत." त्यांनी मला एवढेच सांगितले, "मुनशीजी, यावर कोठं बोलायचं नाई. बोललात त टालावर पाय ठेवणार नाई." मी कबूल झालो. बोलायचे नाही हे कबूल केले होते. लिहिण्याविषयी आमचे काही ठरले नव्हते.

नाव घालवण्याची किंमत त्यांनी पुरेपूर दिली. बातमी वाऱ्यासारखी पसरली. ज्यांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी घर सांगितले होते त्यांनी निरोप धाडले की यंदा बेत नाही. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची घरे दुसऱ्या बढईने बांधली. एकाने तर आधीच राहत असलेल्या घराचे सगळे खांब तपासून घेतले. मिस्त्रीजींच्या सख्ख्या मोठ्या भावाने मुलीच्या लग्नात मांडवाची मुहूर्तमेढ दुसऱ्या बढईकडून रोववली, आणि मिस्त्रीजी त्या मांडवात पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसून जेवले. मी त्यांच्या पंक्तीला होतो.  मला इतका संताप आला होता की उठून सगळ्यांना सांगावे असे वाटत होते, पण त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि मी भात कालवू लागलो.

राहत्या घरांची कामे बंद झाली म्हणून ते शाळांकडे वळले. शाळेत रात्री कोणी झोपत नाही. खांब सुलटा की उलटा याची पंचाईत मास्तर करत नाहीत आणि साहेबालाही ती कळत नाही. आमच्या टालाने पहिले काम मिळवून दिले, मग एकातून दुसरे निघत गेले. तर अशा रीतीने आपल्या भागाला शाळांचे मिस्त्री मिळाले. पटेलांच्या घरात नवा खांब लागल्यावर तिथून काढलेली ती बिजाची मेढ त्यांनी पहिल्याच शाळेच्या ओसरीत उभी केली. तिला पाठ टेकून पोरे पाढे म्हणतात, आणि जी पोरे तिथे बसली त्यांतले एक आज या ग्रंथाच्या समितीचे चिटणीस आहेत. त्यांना हे आत्ता, छपाईच्या वेळी कळत असेल.

मिस्त्रीजींनी या साऱ्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, असे लिहिले तर खोटे होईल. कुरकुर पुष्कळ केली. लाकडाबद्दल, उन्हाबद्दल, माझ्या शेठजींबद्दल. फक्त या एका गोष्टीबद्दल केली नाही.

ही हकीकत मी माझ्याबरोबर घेऊनच गेलो असतो. पण गेल्या वैशाखात जे झाले त्याने माझे तोंड मोकळे केले.

जानकीबाई आता त्या घरच्या कर्त्या आहेत. सासूबाई त्यांच्याच मांडीवर डोके ठेवून गेल्या. मुलेनातवंडे झाली, घर अपुरे पडू लागले, म्हणून थोरल्या मुलासाठी शेजारी नवे घर काढायचे ठरले. आणि जानकीबाईंनी निरोप पाठवला की मेढ डोमाजी मिस्त्रींनीच उभी करायची. मिस्त्रीजींनी नकार दिला. गुडघे दुखतात म्हणाले. त्यावर जानकीबाईंनी बंडीच पाठवून दिली, आणि बंडीत मलाही बसवले.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाव जमले होते. खांबाला हळदकुंकू लागले होते, आंब्याची पाने बांधली होती. मुलाचे सासरे, वयस्क आणि मानी गृहस्थ, पुढे येऊन म्हणाले, "विहीणबाई, ज्यानं तुमच्या घरात उलटा खांब उभा केला त्यालेच काऊन बोलावलं? माह्या पोरीले त्याच घरात राहाचं आहे."

जानकीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या.

"तो खांब उलटा नोहता. मले ठाऊक आहे. नवा खांब लावल्यावर बी ह्या घरात माणसं गेली. मामाजी गेले, सासूबाई गेल्या, माहं दुसरं पोर मानमोडीच्या साथीत गेलं. बैल बी मेले. सगळं तसंच झालं, जसं सगळ्याईच्या घरी होते. पण मंग मले कोणी काई बोललं नाई. तवा मले समजलं का मरणं खांबानं येत नाई, न माह्या पायानं बी येत नाई. ह्या माणसानं माह्यावरचं आपल्यावर घेतलं. इतकी वरसं मी तोंड उघडलं नाई, कारण उघडलं त पुन्हा माह्यावरच आलं असतं. आता येऊ द्या. माह्ये पाय पांढरे म्हणाचे असन त म्हणा."

 ज्या बायांनी तेव्हा पाणवठ्यावर माना डोलावल्या होत्या त्यांतल्या एकदोन अजून हयात आहेत. त्या तिथेच बसल्या होत्या. मी मिस्त्रीजींकडे पाहिले. इतक्या वर्षांनी नाव परत मिळत होते, तेही सगळ्या गावासमोर. नुसते गप्प राहिले असते तरी पुरे होते.

मिस्त्रीजींनी कपाळाला नेहमीची आठी घातली. "बाई, तुमाले लाकडातलं काय समजते?" ते म्हणाले. "उलटाच होता."

मी कपाळावर हात मारून घेतला. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या बाईने जे अंगावर ओढून घेतले होते ते तिच्या अंगावर राहू द्यायला ते अजूनही तयार नव्हते.

जानकीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना हसू आले, आणि हसता हसताच डोळे पदराने पुसत त्या म्हणाल्या, "उलटा त उलटा. मंग हा बी उलटाच उभा करा. पण तुमीच करा. पोराले राहाचं नसन त नको. मी राहातो त्यात."

मुलाचे सासरे बाजूला झाले. दोर धरलेले गडी वाट पाहत होते. रिवाजाप्रमाणे आता फक्त मिस्त्रीजींनी बोलायचे होते, आणि त्यांना बोलताच येईना.  शेवटी हातानेच खूण केली, आणि खांब उठला. बुडखा खाली, शेंडा वर. मी त्या वेळी रडलो, आणि हे लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

या वैशाखानंतर मिस्त्रीजींकडे राहत्या घरांसाठी माणसे येऊ लागली आहेत. ते त्यांना गुडघे दाखवतात आणि मग कोणती मेढ घ्यायची ते सांगायला त्यांच्याबरोबर टालावर येतात. टाल माझ्या हाती राहिलेला नाही, पण मीही जातो. जी गोष्ट जानकीबाईंनी अनुमानाने सांगितली, तिची साक्ष द्यायला आता बुधाजी नाहीत, म्हणून ती मी या ग्रंथात देतो: खांब सुलटा होता. ज्यांच्या घरात त्यांच्याविषयी दुसरे काही सांगितले गेले असेल, त्यांनी हा कागद वाचून दाखवावा.

मिस्त्रीजी हा लेख कोणाकडून तरी वाचून घेतील आणि माझ्यावर भयंकर संतापतील. उलटाच होता, असे पुन्हा एकदा सांगतील. परमेश्वर त्यांच्या गुडघ्यांना बळ देवो, दृष्टी अशीच तीक्ष्ण ठेवो, आणि माझ्यावर रागावायला त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य देवो. मी रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन तो राग ऐकून घेईन.